राखण

कोकणात प्रत्येक आगराला एक राखणदार असतो, असे मानतात. तो कुणाला दिसत नाही. पण वर्षातून एकदा त्याचा नारळ त्याला द्यावा लागतो, आणि तो चुकला की घरात काहीतरी वाकडे घडते. माझ्या आजीचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता, वडिलांचा अर्धा होता, आणि माझा मास्तरकीत उरला नाही. मात्र राखणदारावरचा विश्वास गेला की राखणीचे काम आपल्याच अंगावर येते, हे ध्यानात यायला मला चाळिशी उलटावी लागली. ते ध्यानात आणून दिले १० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा एका भाजीच्या वाफ्याने.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तत्त्वज्ञानाच्या मोठ्या ग्रंथांशी माझी ओळख त्यांच्या पुठ्ठ्यांपलीकडे गेलेली नाही. तेव्हा वाचकांनी या लेखात शास्त्राधार शोधू नयेत. चार कादंबऱ्या लिहिलेल्या, शाळेत फळा पुसणाऱ्या एका माणसाला परसात जो प्रश्न पडला, तो त्याने जसा पडला तसा पुढे ठेवला आहे, इतकेच.

आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. अशा पावसात सपाट जमिनीत पेरलेले बी उगवण्याआधी कुजते, किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत वाहून जाऊन तिथे उगवते. म्हणून भाजी करायची तर जमीन उचलून घ्यावी लागते. यालाच गादीवाफा म्हणतात. गेल्या वर्षी मृग लागण्याआधी मी पडक्या गोठ्याचे जांभ्याचे चिरे विहिरीच्या बाजूला आणून त्यांचे दोन थर लावले. त्यात लाल माती, कुजलेले शेणखत आणि मागच्या वर्षीचा पालापाचोळा भरला. काम चालू असताना सौभाग्यवती दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, एवढ्या चिऱ्यांत नवी न्हाणी झाली असती."

मी काकडी लावली. दोन दिवसांनी शेजारच्या काकींच्या कोंबड्या गडग्यावरून उड्या मारून आल्या आणि त्यांनी तो वाफा असा उकरला की, नांगरणीची स्पर्धा असती तर त्यांना पहिले बक्षीस मिळाले असते. पुन्हा बी लावले. ते उगवले, वेल हातभर झाले, आणि एका सकाळी वानरांची टोळी आली. वानर भाजी खातो ती पोट भरण्यासाठी, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. तो एक पान खातो, दहा तोडतो, आणि उरलेला वेल उपटून बघतो की खाली काय आहे. जिज्ञासेचा हा गुण मी वर्गात नेहमी वाखाणत असतो.

दर शनिवारी मी मारुतीला तेल घालतो. त्या शनिवारी तेल घालून आलो आणि हातात दगड घेऊन त्याच्याच सैन्यामागे धावलो. धावताना मनात विचार आला की, या परसात आधी कोण आले? मी की हे? माझ्या पणजोबांनी इथे घर बांधले तेव्हा वानर होतेच. सातबारा माझ्या नावावर आहे, पण तो वानरांना वाचता येत नाही. आणि वाचता आला असता तरी त्यांनी तो मान्य का करावा, याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हा प्रश्न माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनाही पडलेला आहे. १९४६ साली, देशात अन्नाचा तुटवडा असताना, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये माकडांच्या उपद्रवाविषयी लिहिले होते. मुंगीलाही दुखवू नये असे मानणाऱ्या माणसाकडून लोकांची वेगळी अपेक्षा होती. पण माणसे उपाशी असताना पीक खाऊन टाकणाऱ्या प्राण्यांकडे नुसते बघत बसणे, ही अहिंसा त्यांनी मानली नाही. शेती करायची म्हणजे थोडी हिंसा पदरी घ्यावीच लागते, ती कमीत कमी कशी होईल हे बघावे, असा त्यांचा रोख होता. मला तो पटला. तरी मनात एक कुसळ राहिलेच. गांधीजी देशाच्या अन्नाविषयी बोलत होते. माझा प्रश्न कोशिंबिरीचा होता.

दुसरीकडे सावता माळी आठवले. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे ते संत. १२९५ साली त्यांनी देह ठेवला. मळ्यातल्या भाजीतच त्यांनी विठोबा पाहिला, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्यांच्या मळ्याला कुंपण होते की नव्हते, हे कुणी सांगत नाही. भाजीत विठोबा असेल, तर ती खायला आलेल्या पाखरात कोण आहे? आणि पाखरातही तोच असेल, तर गोफण कुणावर फिरवायची? देशावर ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून पाखरे राखतात, आणि तेच लोक कणसांचा झुबका चिमण्यांसाठी घराच्या दारी टांगतात. गोफणही खरी आणि झुबकाही खरा. आपल्या माणसांनी हा प्रश्न सोडवला नाही. तो दोन्ही हातांत धरून ते जगत आले. पण मी मास्तर. मला उत्तर हवे असते.

मी झाकण करायचे ठरवले. दगड मारायला नको, शिव्या द्यायला नकोत. ते बाहेर, काकडी आत. यापेक्षा अहिंसक तोडगा कोणता असणार?

चिव्याच्या काठ्या आणल्या, कोयत्याने उभ्या चिरल्या आणि रात्रभर पाण्यात टाकून ठेवल्या, म्हणजे वाकवताना मोडत नाहीत. प्रत्येकी १२ फुटांच्या ६ कमानी केल्या. दोन्ही टोके हातभर मातीत रोवून बैलगाडीच्या टपासारखा आकार उभा केला, वरून एक आडवी काठी घेतली आणि सगळे सुंभाने बांधले. त्यावर आधी जुनी मच्छरदाणी घातली, म्हणजे किडासुद्धा शिरायला नको. आणि तिच्यावर खाडीवरून आणलेले मासेमारीचे जुने नायलॉनचे जाळे, म्हणजे वानराच्या हाताला दाद द्यायला नको. जाळे मोठे होते. उरलेला भाग कापायचा कंटाळा केला आणि तो वाफ्याभोवती जमिनीवर तसाच सोडून दिला.

आमचे चिरंजीव तेव्हा बाराव्या वर्षात होते. सारे काम त्यांनी माझ्याबरोबर केले. बांधून झाल्यावर आम्ही दोघे मागे सरून बघत उभे राहिलो. माझी छाती फुगली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, हे हॉस्पिटलसारखं दिसतंय."

पहिला महिना सुखाचा गेला. कोंबड्या येऊन प्रदक्षिणा घालून गेल्या. वानरांनी वरून एकदोन उड्या मारून पाहिल्या आणि काकींच्या उघड्या मांडवाकडे मोर्चा वळवला. हे बघून मला वाईट वाटायला हवे होते. खरे सांगायचे तर बरे वाटले. आत वेल असे माजले की कमानी दिसेनाशा झाल्या. श्रावणात पिवळी फुले आली, शेकड्यांनी आली. फुलामागे करंगळीएवढी काकडी दिसायची, दोन दिवसांनी ती पिवळी पडायची आणि तिसऱ्या दिवशी गळून जायची. मी खत घातले. पाणी तुंबते की काय म्हणून चर काढला. काही उपयोग होईना.

एके दिवशी गडग्यापलीकडून काकी बघत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, माशीला वाट ठेवलीत का?"

वाचकहो, मी गेली वीस वर्षे मुलांना परागीभवन शिकवतो आहे. फुलाची उभी छेद घेतलेली आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकतो. काकडीची नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी, तिचा पराग जड नि चिकट, तो वाऱ्याने उडत नाही, एका फुलावरून दुसऱ्यावर तो माशीनेच न्यावा लागतो, आणि फूल उमलते ते एका सकाळपुरते. हे सर्व मी परीक्षेत पाच गुणांना विचारलेले आहे. आमच्याकडे सातेरी मधमाशी असते, पाऊस थोडा उघडला की ती बाहेर पडते. त्या मच्छरदाणीवर येऊन ती बसायची, इकडून तिकडे फिरायची आणि निघून जायची. मी ते रोज बघत होतो. माझ्या ज्ञानाची आणि माझ्या परसाची मात्र एकमेकांशी गाठ पडलेली नव्हती.

कुंपणाने शेत खाल्ले, ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करायला देतो. मुले पोलिसाची नाहीतर पुढाऱ्याची उदाहरणे देतात. कुंपण लबाड असले म्हणजे ते शेत खाते, अशी माझीही समजूत होती. चांगले, प्रामाणिक, मन लावून बांधलेले कुंपणही शेत खाते, हे मला नवीन होते.

त्या वर्षी गणपतीत धोंडसाला लागणारे तवसे काकींनी आणून दिले. त्यांच्या वेलावरची निम्मी तवशी वानरांनी नेली होती. उरलेल्यांतले एक त्यांनी आम्हाला दिले. निम्मी जाऊन निम्मी उरली होती. माझे काहीच गेले नव्हते आणि काहीच आले नव्हते.

मी मच्छरदाणी काढली. मासेमारीचे जाळे ठेवले, कारण त्याच्या डोळ्यांतून माशी जाऊ शकत होती. उशिरा का होईना, काकड्या धरल्या. मला वाटले, प्रश्न मिटला.

भाद्रपद सरताना एका सकाळी मुलगा धावत आला. वाफ्याच्या पायथ्याशी, मी कंटाळ्याने सोडून दिलेल्या जाळ्याच्या घडीत, एक धामण अडकली होती. वावभर तरी लांब असेल. उंदरामागे आली असावी. सापाची खवले मागे वळलेली असतात. तो डोळ्यातून पुढे शिरतो, अंगाची जाडी आली की अडतो, आणि मागे यायला गेला की खवले दोऱ्यात रुततात. तिने सुटायची जितकी धडपड केली होती, तितके जाळे तिच्याभोवती आवळले होते. दोन ठिकाणी दोरा कातडीत गेला होता.

धामण विषारी नसते. ती उंदीर खाते. भाजीवाल्याला तिच्याएवढा दुसरा मित्र नाही. हेसुद्धा मी शिकवतो. माझी आजी तर सांगायची की, आगराचा राखणदार कधीकधी सापाच्या रूपात फिरतो. काकी आल्या, त्यांनी लांबूनच हात जोडले आणि म्हणाल्या, "मास्तर, राखणदारालाच फास लावलात."

ओले फडके तिच्या डोक्यावर टाकून मी ते हलक्या हाताने धरले, आणि मुलाने शिवणाच्या लहान कात्रीने एकेक दोरा कापला. अर्धा तास लागला. त्याचा हात एकदाही थरथरला नाही. माझा थरथरत होता. शेवटचा दोरा सुटला तशी ती क्षणभर तिथेच पडून राहिली. मला वाटले, संपली. मग ती हलली, गडग्याकडे न जाता खाली उतरली आणि भरून वाहणाऱ्या पऱ्ह्यात शिरली. डोके वर धरून, पाण्याला तिरपे कापत ती पलीकडे गेली आणि केळींत दिसेनाशी झाली.

मुलगा पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, धामणीला पोहायला कोण शिकवतं?"

त्याने ते सहज विचारले असेल. मला ते सहज वाटले नाही. आमच्या वाडीत बारा वर्षांचा पोहता न येणारा मुलगा एकच होता, आणि तो माझा होता.

त्याचे कारण घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. मी अकरा वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ खाडीत गेला. आठ वर्षांचा होता. मे महिन्याची सुटी होती. आम्ही दोघेच होतो. तो कमरेएवढ्या पाण्यात गेला, भरतीचे पाणी उतरत होते, आणि त्याचे पाय सुटले. मी काठावर उभा होतो. त्या दिवसानंतर आईने मला विहिरीच्या थारोळ्यावरसुद्धा बसू दिले नाही. पुढे मला मुलगा झाला तेव्हा मी तोच नियम त्याला लावला. मी जगलो; तो नियम चांगला आहे याला आणखी पुरावा कशाला हवा?

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीस वर्षांपूर्वीचा दिवस मी पुन्हा काठावर उभा राहून बघितला. आणि आजवर जी गोष्ट नेहमी डोळ्यांसमोर असून बघितली नव्हती, ती बघितली. आम्हाला पोहता येत नव्हते, कारण आम्हाला पाण्याजवळ जायची बंदी होती. बंदी होती म्हणून आम्ही चोरून गेलो होतो. चोरून गेलो होतो म्हणून बरोबर कुणी मोठे नव्हते. आणि मी काठावर उभा राहिलो, ओरडलो, पण पाण्यात शिरलो नाही, कारण मलाही पोहता येत नव्हते. नियम तर आधीपासून होता. तो माझ्या भावाला वाचवू शकला नाही. त्याला वाचवू शकला असता तो हात मात्र त्याने बांधून ठेवला. आणि त्यानंतर आम्ही काय केले? जाळे अधिक घट्ट केले.

वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी तो नियम प्रेमाने केला होता. आईने तो दुःखाने केला, मी भीतीने केला. पण तो राखण्यासाठी केलेला असूनही रोखण्याचा झाला. राखणे आणि रोखणे यांत एका मात्रेचा फरक आहे. शुद्धलेखनाच्या वहीत मी तो लाल शाईने दाखवला असता. आयुष्यात तो कुणी दाखवत नाही.

मग तो ओळखायचा कसा? माझा मूळ प्रश्न हाच आहे. जो राखतो त्याला तर आपण नेहमी राखतोच आहोत असे वाटते. जाळी बाहेरून बघितली तर आतली काकडी सुरक्षित दिसते. सुरक्षित असतेही. फक्त तिचे काकडी होणे थांबलेले असते.

मी स्वतःपुरते एक उत्तर काढले आहे. राखण कुणाच्या सोयीची आहे, हे बघावे. मच्छरदाणी मी घातली ती काकडीसाठी, असे म्हणत होतो. खरे म्हणजे मला रोज सकाळी उठून बघायला लागू नये म्हणून घातली होती. जाळे मी जमिनीवर सोडले ते कापायच्या कंटाळ्याने. मुलाला पाण्यापासून दूर ठेवले ते त्याच्या जिवासाठी हे खरे. पण त्याहून खरे हे की, मला पुन्हा काठावर उभे राहायचे नव्हते. एकदा झाकण घालून निर्धास्त होता आले की समजावे, ती राखण आता आपली सोय झाली आहे. खरी राखण माणसाला निर्धास्त होऊ देत नाही. ती रोज उठून विचारायला लावते की, हे झाकण आज काढता येईल का?

मिरची-टोमॅटोची रोपे तयार करणारे लोक हे जाणतात. कोवळी रोपे ते बारीक नायलॉनच्या जाळीखाली वाढवतात. कारण पांढरी माशी त्यांच्यावर रोग आणते आणि त्या वयात झालेला रोग जन्माचा असतो. तिथे जाळी हवीच. पण लावणीच्या आधी आठवडाभर ते पाणी कमी करतात, जाळी काढतात आणि रोपाला ऊन-वारा दाखवतात. रोप जरा सुकल्यासारखे दिसते, देठ टणक होतो. याला ते रोप काटक करणे म्हणतात. जाळी घालतानाच ती काढायचा दिवस त्यांच्या मनात ठरलेला असतो. मी जाळी घातली. दिवस ठरवला नव्हता.

कादंबरीतही माझे हेच होते, हे आता कळते. एका वाचकाने मला लिहिले होते की, तुमच्या पात्रांच्या डोक्यावर तुम्ही सतत छत्री धरून उभे असता, त्यांच्यावर पाऊस पडू देत नाही. तेव्हा मला त्याचा राग आला होता. ते पत्र मी शोधून काढले आणि पुन्हा वाचले. राग आला नाही.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला मान्य आहे. जाळी काढली म्हणजे सगळे ठीक होतेच असे नाही. काकींची निम्मी तवशी वानरांनी नेली, ती काही परत आली नाहीत. माणसाचे मूल म्हणजे तवसे नव्हे. निम्मे गेले तरी चालेल असा हिशेब तिथे करता येत नाही. ज्याचे गेले आहे त्याला शहाणपणा सांगणे सोपे, आणि मी तर ज्यांचे गेले आहे त्यांच्यातलाच आहे. उघडे ठेवण्यात धोका असतो. पण झाकून ठेवण्यातही तो होताच, फक्त तो मला दिसत नव्हता. दोन धोक्यांत निवडच करायची, तर ज्यात मूल स्वतः हात मारू शकते तो धोका निवडावा, इतकेच मला म्हणता येते. तेही मोठ्याने नाही.

दिवाळीची सुटी लागली तेव्हा काकींच्या यजमानांना मी विचारले. त्यांनी वाडीतल्या तीन पिढ्या विहिरीत शिकवल्या आहेत. त्यांनी दोन सुके, न सोललेले नारळ एकत्र बांधून मुलाच्या पाठीला लावले, कमरेला दोर बांधला आणि त्याचे टोक माझ्या हातात दिले. म्हणाले, "मास्तर, धरून ठेवा, पण ओढू नका." हे दिसते त्याहून फार अवघड आहे. विहीर काठोकाठ होती. मुलगा पाण्यात पडला, खाली गेला, आणि नारळांनी त्याला वर आणले. तो हसत होता. माझ्या तळहाताला दोराचे वळ उठले, आणि तो दोर कुणी ओढलेला नव्हता.

पाचव्या दिवशी काकांनी एक नारळ काढला. नवव्या दिवशी दुसरा. त्या दिवशी मी डोळे मिटले होते, हे कबूल करतो. उघडले तेव्हा मुलगा विहिरीच्या समोरच्या कडेला धरून उभा होता आणि मला म्हणत होता, "बाबा, आता तुम्ही." मी अजून पाण्यात उतरलेलो नाही. नारळ खुंटीला टांगून ठेवले आहेत. काका म्हणतात, मोठ्या माणसाला चार लागतील.

वाफ्याचे झाकण मी यंदा नव्याने बांधले. मासेमारीचे जाळे गेले. लाकडी चौकटींवर बारीक जाळी ताणून बसवली आहे. ताणलेल्या जाळीत साप अडकत नाही, घड्या पडलेल्या जाळीत अडकतो. चौकटींना बिजागऱ्या आहेत. बी लावल्यापासून चार पाने येईपर्यंत झाकण बंद. पुढे फुले येऊ लागली की उजाडताना उघडायचे, दहाच्या सुमारास मिटायचे, आणि मधल्या वेळात तिथे बसून राहायचे. मी वह्या तपासायला घेऊन बसतो. वानर येतात, मी उभा राहिलो की थोडे मागे सरतात, मी वहीत गुंतलो की पुढे येतात. काही काकड्या त्यांच्या जातात. यंदा एक तवसे मी काकींकडे दिले आणि घरातही धोंडस झाले. हिशेब जमला असे मी म्हणणार नाही, पण चालला आहे.

उरलेल्या चिव्याच्या कांबींचा मुलाने या दिवाळीला आकाशकंदील केला आहे. परवा संध्याकाळी, पोहून आला तसाच ओल्या केसांनी, तो कागद चिकटवत अंगणात बसला होता. त्या दिवशी सकाळपासून झाकण उघडेच राहिले होते. अंधार पडायला आला होता, म्हणून मी ते लावायला गेलो. चौकट अर्धी खाली आणली असेल, तोच तो मागून ओरडला, "बाबा, थांबा! आत एक माशी आहे."

मी चौकट हातात धरून उभा राहिलो. माशी शेवटच्या फुलात होती आणि तिला काही घाई नव्हती.